रॅली परतल्यावर काय उरते?

रविवारची पहाट. नाशिककर ज्याला अजूनही गोल्फ क्लबच म्हणतात, त्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या बाहेर एकेक मोटारसायकल येऊन उभी राहते. कुणाची नवी कोरी, कुणाची वडिलांच्या काळातली. चहाचे कागदी कप रिकामे होतात, एकसारखे टी-शर्ट वाटले जातात, गाडीच्या पुढच्या बाजूला फलक बांधले जातात. 'हृदय जपा', 'मधुमेह टाळा', 'रक्तदान करा'. पाहुणे हिरवा झेंडा दाखवतात, छायाचित्रे निघतात आणि ताफा त्र्यंबकच्या, वणीच्या नाहीतर सापुताऱ्याच्या रस्त्याला लागतो. दुपारी मिसळीवर ताव मारून सगळे घरी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी येतात: आरोग्य जनजागृतीसाठी दुचाकी रॅली उत्साहात.

अशा रॅलींना नुसती हौस म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. नोकरी-धंदा सांभाळून, रविवारची झोप मोडून चाळीस-पन्नास माणसे एका चांगल्या कारणासाठी जमतात, ही गोष्ट लहान नाही. यातलेच अनेक गट थंडीत सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर ब्लँकेट घेऊन जातात, जूनमध्ये शाळांत वह्या पोचवतात. त्यामुळे रॅली काढावी की नाही हा वादाचा मुद्दाच नाही. मुद्दा साधा आहे. आरोग्याचे नाव घेऊन गाड्या निघाल्या, तर संध्याकाळी त्या परत आल्यावर नेमके कुणाचे आरोग्य किती सुधारले, हे सांगता आले पाहिजे.

व्यायाम होतो तो इंजिनाचा

सामाजिक कामासाठी चाकांवर निघण्याची परंपरा नाशिकला नवी नाही. २०१५ मध्ये इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. त्यानंतर नाशकात सायकलींना जे दिवस आले, ते गंगापूर रोडवर पहाटे कुणालाही दिसतात. पण सायकल आणि मोटारसायकल यांत आरोग्याच्या दृष्टीने एक मूलभूत फरक आहे. सायकलस्वार 'हृदय जपा' असा फलक लावून निघतो, तेव्हा त्याचे स्वतःचे हृदय तेच काम करत असते. मोटारसायकलवर ते काम पेट्रोल करते. दिवसभर गाडी चालवून अंग दुखते, पाठ आखडते, मनगटाला मुंग्या येतात. हा थकवा खरा असतो, पण तो व्यायामाचा नसतो.

मग मोटारसायकल चालवण्याचा शरीराला काहीच उपयोग नाही का? अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी पन्नासेक अनुभवी चालकांवर एक प्रयोग केला. सुमारे वीस मिनिटे गाडी चालवल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके ११ टक्क्यांनी आणि ॲड्रेनलिन २७ टक्क्यांनी वाढले, तर ताणाशी निगडित संप्रेरकांचे गुणोत्तर २८ टक्क्यांनी घटले. मेंदूच्या विद्युत्‌लहरींत एकाग्रता वाढल्याच्या खुणा दिसल्या. 'गाडी काढली की डोके हलके होते' असे म्हणणाऱ्यांना हा निष्कर्ष आवडेल. मात्र या संशोधनाला पैसा एका नामांकित मोटारसायकल कंपनीने पुरवला होता, प्रयोगातली माणसे थोडी होती आणि मोजमाप काही मिनिटांच्या चालवण्याचे होते. त्यावरून दीर्घकाळच्या आरोग्याबद्दल काही ठरवणे घाईचे ठरेल. आनंद होतो, मन ताजे होते, एवढे मान्य करावे. औषध म्हणून त्याची जाहिरात करू नये.

हँडल सोडल्यावरची गोष्ट

तरीही या रॅलींमध्ये आरोग्याला पोषक अशी एक गोष्ट असतेच. ती गाडीत नसून गाडी थांबल्यावर जमणाऱ्या मित्रांच्या घोळक्यात असते.

२०१० मध्ये अमेरिकेतील ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती त्यात होती. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. मैत्री ही मनाची गोष्ट आहे, तशीच ती शरीराचीही आहे, हे यातून दिसते.

चाळिशी-पन्नाशीतल्या मराठी पुरुषाचे मित्र कुठे असतात? शाळेतले मोबाइलवरच्या ग्रुपवर, ऑफिसातले ऑफिसात. घरी बोलायचे नाही, कारण घरच्यांना काळजी. मित्रांत बोलायचे नाही, कारण चेष्टा होईल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतील जवळपास ७२ टक्के पुरुष होते. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात होती, २२,७४६. या आकड्यांमागे कर्ज, आजार, घरातले कलह अशी अनेक कारणे आहेत. पण सांगायला कुणी नव्हते, किंवा सांगता येईल असे वाटले नाही, हा धागा त्यांतल्या कितीतरी घरांत सापडतो.

मोटारसायकलस्वारांनी हाच धागा उचलल्याचे एक उदाहरण जगासमोर आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात मार्क हावा यांनी २०१२ मध्ये 'डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड' सुरू केली. सुटाबुटातला एक दूरचित्रवाणी नायक जुन्या धाटणीच्या मोटारसायकलवर बसलेला त्यांनी एका छायाचित्रात पाहिला आणि त्यातून कल्पना सुचली. मोटारसायकलवाले म्हणजे दंगेखोर, हा समज पुसण्यासाठी झकपक कपडे घालून शांतपणे गाड्या चालवायच्या. पहिल्याच वर्षी ६४ शहरांतून अडीच हजारांवर चालक निघाले. पुढे त्या हौसेला दोन ठोस विषय जोडले गेले: प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग आणि पुरुषांचे मानसिक आरोग्य. आता दरवर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी ही राइड जगभरच्या शेकडो शहरांत निघते, मुंबई-पुण्यासह भारतातही. निधी पुरुषांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या 'मोव्हेंबर' या संस्थेकडे जातो.

या उपक्रमातून घेण्यासारखी गोष्ट सूट-टाय ही नव्हे. विषयाची निवड घेण्यासारखी आहे. जमणारे बहुतेक पुरुष, म्हणून विषय पुरुषांचे आणि तेही पुरुष ज्यांवर बोलायला लाजतात तेच. 'मधुमेह टाळा' हा फलक रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला उद्देशून असतो आणि तो ताशी पन्नासच्या वेगाने निघून जातो. पण घाटातल्या टपरीवर चहा घेताना एखादा ज्येष्ठ सहजपणे म्हणाला, 'अरे, मला रात्री चार-चारदा उठावे लागत होते, शेवटी डॉक्टरांना दाखवले,' तर शेजारच्या तिघांच्या मनातला अडसर दूर होतो. लघवीची धार मंद होणे, वारंवार जावे लागणे, रक्त दिसणे यांना 'वय झाले की व्हायचेच' म्हणून झटकून टाकायचे नसते. बहुतेकदा कारण साधे असते, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचे. पीएसए ही रक्ततपासणी सरसकट सगळ्यांनी करावी असेही नाही. पन्नाशीनंतर, आणि घरात कुणाला हा कर्करोग झाला असेल तर त्याआधीही, तिचे फायदे-तोटे डॉक्टरांशी बोलून ठरवावेत.

मनाचेही तसेच. समोरासमोर बसून 'तुला काय होतेय?' असे विचारले की बहुतेक पुरुष गप्प होतात. हातात काही काम असेल, नजर दुसरीकडे असेल, तर तेच बोलतात. ऑस्ट्रेलियात निवृत्त पुरुषांसाठी सुतारकामाच्या सामुदायिक कार्यशाळा चालतात, त्यांचा सगळा पाया हाच आहे: खांद्याला खांदा लावून काम करताना बोलणे सुटते. पंक्चर काढताना, साखळीला तेल देताना, पाऊस थांबायची वाट पाहत एखाद्या शेडखाली उभे असताना नेमके हेच घडते. नेहमी येणारा एखादा सलग तीन रविवार आला नाही, तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करणारा गट हा फलक लावणाऱ्या गटापेक्षा आरोग्याचे मोठे काम करतो. आणि गोष्ट मित्रांच्या आवाक्याबाहेरची वाटली, तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या या सरकारी सेवेवर मराठीतून बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. हा क्रमांक टी-शर्टच्या पाठीवर छापायला काहीच हरकत नाही.

घोळक्याचे भौतिकशास्त्र

मित्रांचा हाच घोळका रस्त्यावर मात्र धोकाही वाढवू शकतो. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ मोटारी एकसारख्या वेगाने चालवायला लावल्या. अडथळा काही नव्हता. तरी थोड्याच वेळात कुणाचा तरी वेग किंचित कमी झाला, मागच्याने जरा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि कारण नसताना कोंडीची लाट तयार झाली. मोटारसायकलींच्या रांगेतही तेच घडते. पुढचा ताशी ६० ने निघालेला असतो, पण वळणावर, गतिरोधकावर प्रत्येकाचे अंतर थोडे ताणले जाते. ते भरून काढायला शेवटच्या गाड्यांना ८० ने धावावे लागते. रांग रबरासारखी ताणते आणि आखडते. ६० वरून ८० वर जाताना वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे पावणेदोन पट होते. सगळ्यात मागे बहुधा नवखा असतो. म्हणजे ज्याला सगळ्यात कमी येते, त्यालाच सगळ्यात जोरात चालवावे लागते.

उपायही साधे आहेत. पन्नास गाड्यांची एक रांग न करता पाच ते सात जणांचे छोटे गट करावेत. नवख्याला म्होरक्याच्या लगेच मागे ठेवावे आणि अनुभवी माणसाने शेवटी राहावे. गाड्या एका सरळ रेषेत नकोत, तिरप्या रचनेत असाव्यात, आणि समोरच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर असावे. ताशी ६० वेगाने दोन सेकंद म्हणजे सुमारे ३३ मीटर. कसारा किंवा सापुतारा घाटात तेही कमी पडते, तिथे एकामागे एकच जावे. आणि कुणी मागे राहिला तर पुढच्या ठरलेल्या चौकात थांबण्याचे आधीच ठरलेले असावे, म्हणजे गाठण्यासाठी पळावे लागत नाही.

घोळक्याचे मानसशास्त्रही आहे. अमेरिकेतील गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये केलेल्या प्रयोगात संगणकावरचा मोटार चालवण्याचा खेळ काहींना एकट्याने, तर काहींना मित्रांसमोर खेळायला दिला. मित्र पाहत असताना धोका पत्करण्याचे प्रमाण वाढले. किशोर आणि तरुणांमध्ये ते सर्वाधिक, चोविशीच्या पुढच्यांमध्ये कमी. गटातल्या विशीतल्या पोराने घाटात 'कट' मारला आणि मागून शिट्ट्या आल्या, तर पुढचा कट त्या शिट्ट्यांनी मारलेला असतो. हाच दबाव उलटाही वापरता येतो, आणि तिथेच अशा गटांची खरी ताकद आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९ होते, आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले. दुसरीकडे, अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. हेल्मेटचे कठीण कवच टोचण्या-खरचटण्यापासून वाचवते. खरे काम आतला थर्मोकोलसारखा थर करतो. तो चिरडला जातो, त्यामुळे डोके थांबायला काही सहस्रांश सेकंद जास्त मिळतात आणि मेंदूवरचा आघात कमी होतो. एकदा चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून मोठा मार खाल्लेले हेल्मेट वरून चकचकीत दिसले तरी बाद समजावे. पट्टा न लावलेले हेल्मेट तर डोक्याआधी रस्त्यावर पोचते.

हेल्मेटच्या बाबतीत नाशिकने बरेच काही पाहिले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून तत्कालीन पोलीस आयुक्त दीपक पाण्डेय यांच्या पुढाकाराने शहरात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' मोहीम सुरू झाली. पुढे हेल्मेट नसलेल्यांना दंडाबरोबर समुपदेशनालाही बसवण्यात आले. पंपावर शेजारच्याचे हेल्मेट उसने घेऊन टाकी भरण्याच्या युक्त्याही तेव्हा निघाल्या. त्यातून एक धडा मिळाला. पोलीस पंपापर्यंत पोचू शकतात, माणसाच्या सवयीपर्यंत नाही. मित्र मात्र पोचू शकतो. 'हेल्मेट नाही? मग आज तू येत नाहीस' हे वाक्य पोलिसाने म्हटले तर वाद होतो. दहा वर्षांच्या मित्राने म्हटले तर माणूस मुकाट घरी जाऊन हेल्मेट घेऊन येतो. नियम मागे बसणाऱ्यालाही तोच, पत्नी असो की पाहुण्यांचा मुलगा. झेंडा दाखवायला आलेले पाहुणे हौसेने दोन मिनिटे गाडीवर बसणार असतील, तर त्यांनाही तोच.

आवाजाचेही पथ्य हवे. रुग्णालयाभोवतालचा किमान १०० मीटरचा भाग कायद्याने शांतता क्षेत्र असतो, दिवसा तिथली मर्यादा ५० डेसिबल. हृदयरोगाबद्दल जागृती करणारी रॅली फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरने रुग्णालयासमोरून जावी, यापेक्षा मोठी विसंगती नाही. चालकाच्या स्वतःच्या कानांचाही प्रश्न आहे. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटमध्ये घुमणारा वाराच ९० डेसिबलच्या वर जातो. लांबच्या राइडला स्वस्तातले फोमचे इअरप्लग वापरले, तर कान वाचतात आणि संध्याकाळचा थकवाही कमी होतो.

पेट्रोलचा आणि रक्ताचा हिशेब

शंभर गाड्या सापुताऱ्याला जाऊन आल्या की प्रत्येकी १६० किलोमीटर होतात. गाडीने लिटरला ३०-३५ किलोमीटर दिले, तर फक्त पेट्रोलचाच खर्च पन्नास हजारांच्या आसपास जातो. टी-शर्ट, फलक, नाष्टा वेगळा. एवढे पैसे थेट एखाद्या आश्रमशाळेला किंवा रुग्णालयाच्या मदतनिधीला का देऊ नयेत, असे कुणी विचारले तर प्रश्न चुकीचा नाही. प्रामाणिक उत्तर असे की, राइड नसती तर ते पैसे निघालेच नसते. माणूस आनंदासाठी खर्च करतो, त्यात गैर काही नाही. पण तो खर्च दान म्हणून मिरवू नये. दान त्याच्या वर असावे, आणि निघण्यापूर्वी जमा झालेले असावे. सिडनीहून निघालेल्या त्या उपक्रमात हीच पद्धत आहे: प्रत्येक चालक आपल्या ओळखीपाळखीत आधी निधी मागतो, मग रविवारी गाडी काढतो. इथेही 'पेट्रोलइतकीच रक्कम कारणासाठी' असा नियम गटाने केला आणि पावती ग्रुपवर टाकली, तर रॅलीचा अर्थच बदलेल.

पैशापेक्षा मोलाचे असे आणखी एक दान या गटांच्या हातात आहे. मोठ्या रॅलीच्या शेवटी रक्तदान शिबिर घेण्याची प्रथा आहे. हेतू उत्तम, पण रक्ताचे स्वतःचे घड्याळ असते. तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स अवघे पाच दिवस. एका दिवशी दोनशे पिशव्या आल्या आणि पुढचे दोन महिने कुणी फिरकले नाही, तर रक्तपेढीला त्याचा उपयोग मर्यादितच. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, लोक गावी जातात, आणि नेमका तेव्हाच तुटवडा होतो. पुरुष दर तीन महिन्यांनी आणि स्त्रिया दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकतात. चाळीस जणांच्या गटाने दहा-दहाच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीने वर्षातून फक्त दोनदा रक्त दिले, तरी साधारण दर साडेसहा आठवड्यांनी दहा पिशव्या रक्तपेढीत पोचतात. यात झेंडा नाही, पाहुणे नाहीत, बातमीही नाही. पण थॅलेसेमियाच्या ज्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त घ्यावेच लागते, त्यांच्या आईवडिलांना असा नियमितपणा कुठल्याही फलकापेक्षा मोलाचा वाटेल. मात्र रक्त देऊन लगेच घाटात गाडी चालवायची नाही. भोवळ येण्याचा धोका असतो, म्हणून शिबिर असलेल्या दिवशी राइड नको.

गाडीच जिथे औषध होते

इंग्लंडमध्ये 'ब्लड बाइक' म्हणून ओळखले जाणारे स्वयंसेवक दशकानुदशके काम करत आहेत. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी रुग्णालयाला रक्त, तपासणीचे नमुने, अकाली जन्मलेल्या बाळांसाठी आईचे दूध पोचवायचे असते. हे चालक ते विनामूल्य पोचवतात. नुसती गाडी असून तिथे भागत नाही, चालकाचे कौशल्य पारखून घेतले जाते. आपल्याकडे पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यातील करीमूल हक यांचे उदाहरण आहे. रुग्णवाहिका न मिळाल्याने त्यांची आई गेली. चहाच्या मळ्यात काम करणाऱ्या या माणसाने पुढे आपल्या मोटारसायकललाच रुग्णवाहिका केले आणि हजारो रुग्णांना दवाखान्यात पोचवले. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातही १०८ सेवेने २०१७ मध्ये मुंबईत मोटारसायकल रुग्णवाहिका सुरू केल्या. त्यांच्यावरचा डॉक्टर कोंडीतून वाट काढत आधी पोचतो आणि मोठी गाडी येईपर्यंत उपचार सुरू करतो.

नाशिकला या कल्पनेची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतल्या काही पाड्यांवरून पावसाळ्यात आजही रुग्णाला झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. याचा अर्थ हौशी चालकांनी रुग्ण वाहायला लागावे असा नाही. पाठीच्या कण्याला इजा झालेल्याला मोटारसायकलवर बसवणे म्हणजे त्याला कायमचे अपंग करणे ठरू शकते. पण गटाने आपल्या नेहमीच्या रस्त्यावरच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी नाते जोडावे, तिथल्या डॉक्टरांना विचारावे: महिन्याला काय आणून देऊ? चष्मे, व्हीलचेअर, लसीकरणाच्या दिवशी दोन हात? वर्षातून एकदा दहा पाड्यांवर जाऊन दहा छायाचित्रे काढण्यापेक्षा एका पाड्यावर वर्षातून दहादा गेलेले बरे.

आणि एक काम तर फक्त तेच करू शकतात. रविवारी शे-दीडशे किलोमीटर महामार्गावर असणाऱ्यांना अपघात दिसतोच, अनेकदा सगळ्यांच्या आधी. इजेनंतरच्या पहिल्या तासाला मोटार वाहन कायद्यातही 'गोल्डन अवर' म्हणून स्थान आहे. मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा ससेमिरा लागेल ही भीती जुनी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्याला संरक्षण दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आले. नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. शिकायचे तेही फार नाही. आधी मागून येणाऱ्या गाड्यांना सावध करायचे, १०८ किंवा ११२ ला फोन करायचा, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाने घट्ट दाब धरायचा, पाणी पाजायचे नाही, श्वास अडकलेला नसेल तर हेल्मेट ओढून काढायचे नाही, मान हलू द्यायची नाही. श्वास नसेल तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हात मारून येते. त्यासाठी एक रविवार पुरतो.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नाने आहेत. रामकुंडाकडे जाणाऱ्या गल्ल्यांत आणि त्र्यंबकच्या अरुंद रस्त्यांवर तेव्हा चार चाकांना वाट मिळणे कठीण असेल. २००३ च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीच्या आठवणी जुन्या नाशिकमध्ये अजून बुजलेल्या नाहीत. प्रथमोपचार शिकलेले, रस्ते तोंडपाठ असलेले, एकमेकांच्या खुणा ओळखणारे दुचाकीस्वार प्रशासनाच्या हाताशी असतील, तर त्यांचा उपयोग होण्याजोगा आहे. पण ते आदल्या आठवड्यात टी-शर्ट वाटून तयार होणार नाहीत. त्याची तयारी आजच्या रविवारपासूनच करावी लागेल.

रॅलीचे यश आजवर गाड्यांच्या संख्येने मोजले गेले. त्याऐवजी संध्याकाळी परतल्यावर गटाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. निघाले तेवढे सगळे धडधाकट घरी पोचले का? सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटला पट्टा होता का? ज्यांच्या नावाने निघालो त्यांच्या हाती काय पडले? आणि आज आपल्यातल्या कुणी एखादी गोष्ट प्रथमच मोकळेपणी बोलून दाखवली का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर बातमीत छापता येणार नाही. पण पुढच्या रविवारी सहा वाजता गोल्फ क्लबच्या बाहेर एखादी गाडी आली नाही, तर ती का आली नाही हे ज्यांना माहीत असेल आणि जे टी-शर्ट घालण्याआधी त्याला फोन लावतील, त्यांच्या रॅलीला आरोग्याची रॅली म्हणायला कुणाची हरकत असणार नाही.